पाकाचा थेंब

कढईत गुळाला फेस आला की आत्या स्टीलची वाटी थंड पाण्याने भरून शेगडीशेजारी ठेवायची. धुळ्याचं घर, डिसेंबरची सकाळ, परातीत भाजलेले दाणे आणि खोबऱ्याचा कीस तयार. झाऱ्यावरून पाकाचा एक थेंब त्या पाण्यात पडायचा. आत्या तो बोटांनी उचलून दाबून बघायची आणि म्हणायची, "अजून." मिनिटभराने दुसरा थेंब. पुन्हा "अजून". तिसरा-चौथा थेंब मात्र पाण्यात पडताच घट्ट व्हायचा. तो उचलून ती वाटीच्या काठावर आपटायची. टण्! हा आवाज आला की दाणे, खोबरं, तीळ सगळं एकदम कढईत जायचं आणि घरात पळापळ सुरू व्हायची. ताटाला तूप लावलंय का, लाटणं कुठाय, सुरी कुठाय. पाक थंड होऊन दगड व्हायच्या आत सगळं उरकायचं असायचं.

आत्याकडे तापमापक नव्हता. तरी त्या आवाजातून ती जे मोजत होती, ते आज मिठाईच्या कारखान्यात यंत्र लावून मोजतात: पाकात आता पाणी किती उरलंय. दाणे आणि खोबऱ्याची पट्टी घरी करायची, तर याच एका प्रश्नाभोवती सगळं फिरतं. वडी मऊ का पडली, दाताला का चिकटली, कडक का झाली, बुरशी का आली? बहुतेक वेळा उत्तर एकच असतं. पाणी जास्त राहिलं, कमी राहिलं किंवा नंतर शिरलं. भाजणं, तळणं, पाक आटवणं, डबा घट्ट लावणं ही सगळी पाणी घालवण्याची आणि परत येऊ न देण्याची कामं आहेत.

ग्रॅनोला आणि चिक्की

दुकानात 'ग्रॅनोला बार' नावाने मिळणाऱ्या पट्टीचा इतिहास अमेरिकेत सुरू होतो. 1863 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या डॅन्सव्हिल इथे जेम्स केलेब जॅक्सन हे डॉक्टर एक आरोग्यधाम चालवत होते. कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठाचे पापुद्रे भाजायचे, फोडायचे, पुन्हा भाजायचे आणि रुग्णांना नाश्त्याला द्यायचे, असा त्यांचा प्रयोग होता. नाव ठेवलं 'ग्रॅन्युला'. ते इतकं कडक असे की आदल्या रात्री दुधात भिजवावं लागे. पुढे मिशिगनमधल्या बॅटल क्रीकच्या जॉन हार्वी केलॉग यांनी तसाच पदार्थ केला आणि नावावरून तंटा झाल्यावर आपल्या पदार्थाला 'ग्रॅनोला' म्हटलं. वाडग्यातला हा पदार्थ पट्टीच्या रूपात मोठ्या बाजारात आला तो 1975 मध्ये, जनरल मिल्स कंपनीच्या 'नेचर व्हॅली' या नावाखाली. ओट्स, दाणे, खोबरं आणि त्यांना धरून ठेवणारा मध किंवा साखरेचा पाक, ही त्याची साधारण घडण.

जॅक्सन पिठाचे पापुद्रे भाजत होते, त्याच 1863 साली भोर घाटातून रेल्वे सुरू झाली. लोणावळा प्रवाशांच्या वाटेवरचं गाव झालं आणि तिथली चिक्की पुढे महाराष्ट्रभर गेली. चिक्की आणि ग्रॅनोला बार यांचं नातं कोणी मुद्दाम जोडायची गरज नाही. दोन्हींत कोरडे, भाजलेले, तेलकट दाणे आहेत आणि त्यांना जोडणारा गोड पाक आहे. फरक फक्त पाकाच्या पायरीचा. चिक्की तुटते, बार वाकतो. हा फरक नेमका किती, ते पुढे बघू. त्याआधी आपल्या परातीत काय आहे ते पाहायला हवं, कारण खानदेशातल्या परातीला स्वतःचा इतिहास आहे.

खोबरं: कोरडं होऊन आलेला नारळ

खानदेश समुद्रापासून लांब. जळगाव-धुळ्याच्या कोरड्या हवेत नारळाच्या बागा नाहीत. तरी इथल्या रश्शाचा प्राण असलेला काळा मसाला खोबऱ्याशिवाय होत नाही. खोबऱ्याची वाटी चिमट्यात धरून आचेवर काळपट होईपर्यंत भाजायची, कांदा भाजायचा, मग वाटण. कोकणात ओला नारळ खवतात, खानदेशात सुकं खोबरं भाजतात. कारण साधं आहे. ओल्या नारळात जवळपास निम्मं पाणी असतं आणि फोडलेला नारळ दोन दिवसांत आंबतो. सुक्या खोबऱ्यात पाणी 6 टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे ते गोणीत बसून शेकडो किलोमीटर येतं आणि वाण्याकडे महिनोन् महिने टिकतं. कर्नाटकातलं तिपटूर तर गोटा खोबऱ्याची मोठी बाजारपेठ म्हणूनच ओळखलं जातं.

आपल्या पट्टीसाठी हे सोयीचंच आहे. परदेशी पाककृतीत 'डेसिकेटेड कोकोनट' असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे वाटी खोबरं किसणीवर किसलं की काम झालं. उलट ओला नारळ घातला, तर पट्टी आठवडाभरही टिकणार नाही.

सुक्या खोबऱ्यात साधारण 65 टक्के तेल असतं आणि त्यातली जवळजवळ 90 टक्के स्निग्धाम्लं संपृक्त असतात. याचे तीन परिणाम आपल्याला जाणवतात. पहिला, संपृक्त तेलावर हवेतल्या प्राणवायूचा परिणाम सावकाश होतो, म्हणून नीट सुकवलेलं खोबरं दाण्यांपेक्षा उशिरा खवट होतं. दुसरा, खोबरेल 24-25 अंशांच्या पुढे वितळतं. थंडीत बाटलीत गोठलेलं तेल मार्चमध्ये पातळ होतं, तेच इथेही. म्हणून तेल किंवा लोणी गोठवून आकार धरणाऱ्या पट्ट्या, चॉकलेटचं आवरण असलेल्या पट्ट्या जळगाव-भुसावळच्या 45 अंशांच्या उन्हाळ्यात टिकाव धरत नाहीत. इथली पट्टी गुळाच्या पाकानेच बांधायला हवी. तिसरा परिणाम चवीचा. ओल लागलेल्या खोबऱ्यातलं तेल फुटतं, लॉरिक आम्ल सुटं होतं आणि साबणासारखी चव येते. अशी वाटी भाजूनही सुधारत नाही.

घेताना वाटी मोडून बघावी. चांगलं खोबरं कट् आवाज करत तुटतं, आतून पांढरं असतं आणि गोड वास येतो. वाकणारी, पिवळी पडलेली किंवा आत हिरवट-काळी बुरशी धरलेली वाटी बाजूला ठेवावी.

दाणा: जळगावहून मलावीपर्यंत

पट्टीतला मुख्य भार शेंगदाण्याचा. बदाम-अक्रोडाच्या जोडीला आपण त्याला सुक्या मेव्यात बसवतो, पण वनस्पतिशास्त्राच्या हिशोबाने तो तूर-हरभऱ्याचा भाऊ, म्हणजे कडधान्यांच्या कुळातला. त्याचं फूल जमिनीवर फुलतं, मग त्यातून आरी निघून मातीत घुसते आणि शेंग जमिनीखाली भरते. शेतकरी 'आऱ्या सुटल्या' म्हणतात तो हा टप्पा. मूळ दक्षिण अमेरिकेचं हे पीक पोर्तुगीज आल्यानंतर भारतात रुजलं आणि पुढे खानदेशच्या शेतात आणि तेलघाण्यात त्याने जागा मिळवली. आज इथल्या भाजीत, चटणीत, उसळीत, उपवासाच्या फराळात दाण्याचं कूट नसेल तर चव लागत नाही.

या दाण्याच्या इतिहासात जळगावचं नाव पक्कं कोरलेलं आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं तेलबिया संशोधन केंद्र जळगावला आहे. 1970 च्या दशकाच्या अखेरीस तिथून 'जेएल-24' हा भुईमुगाचा वाण बाहेर पडला. 'जेएल' म्हणजे जळगाव. त्याचं दुसरं नाव 'फुले प्रगती'. उपटा भुईमूग, तीन-सव्वातीन महिन्यांत काढणीला येणारा. पाऊस लवकर पाठ फिरवतो अशा भागाला असाच वाण हवा असतो. तो खानदेशाबाहेर, महाराष्ट्राबाहेर पसरला आणि आफ्रिकेतही पोचला. मलावी देशात तो 'काकोमा' या नावाने लावतात. तिळाचंही तसंच. याच केंद्राच्या पांढऱ्या तिळाच्या एका वाणाचं नाव 'तापी' आहे. संक्रांतीच्या वडीत दाणे आणि तीळ एकत्र येतात, तेव्हा जळगावच्या एका संशोधन केंद्राचं काम आपल्या तळहातावर असू शकतं.

दाण्यात साधारण 25 टक्के प्रथिनं आणि जवळपास 50 टक्के तेल असतं. खोबऱ्याच्या उलट, या तेलातला मोठा भाग असंपृक्त. तो शरीराला बरा, पण हवेशी लवकर बिघडणारा. म्हणून पट्टीत आधी खवट होतात ते दाणे.

भाजणं हे चवीसाठी आहेच, पण त्याआधी ते कोरडं करणं आहे. कच्च्या दाण्यातलं 6-7 टक्के पाणी भाजल्यावर 2 टक्क्यांपर्यंत उतरतं. पाणी गेल्याशिवाय दाण्याचं तापमान फार वर चढत नाही. ते गेलं की दाण्यातली साखर आणि प्रथिनं एकमेकांशी जुळून तो खमंग वास तयार होतो. म्हणून आच मंद हवी. मोठ्या आचेवर साल काळं पडतं आणि आत दाणा कच्चाच राहतो. असा दाणा पट्टीत गेला की आतलं पाणी हळूहळू पाकात उतरतं आणि चार दिवसांत कुरकुरीत वडी चिवट होते. दाणा मधोमध फोडून बघावा. आतला पृष्ठभाग फिकट बदामी दिसला की झाला. मग चोळून, सुपात पाखडून सालं उडवावीत.

निवडण्याचं काम मात्र भाजण्याआधीचं आणि ते मनापासून करण्याचं. सुरकुतलेले, काळपट, बुरशी दिसणारे दाणे एकेक करून काढून टाकावेत. ओल लागलेल्या भुईमुगावर वाढणारी एक बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये हजारो टर्की पक्षी अचानक मेले, त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाणा पेंडीतून हे विष उघडकीला आलं. ते यकृताला घातक आहे आणि घरच्या भाजण्याने पूर्ण नष्ट होत नाही. घरातल्या बायका सुपात दाणे पसरून कडू दाणा वेचून काढतात, ते केवळ चव सांभाळण्यासाठी नसतं. ती सवय मोडू नये.

लाही आणि डिंक: फुलण्याचे दोन प्रकार

नुसते दाणे आणि खोबरं घेतलं तर पट्टी जड होते. तिला हलकेपणा देणारं काहीतरी हवं. परदेशात ते काम ओट्स करतात. खानदेशात ज्वारीच्या लाह्या आहेत. लक्ष्मीपूजनाला बत्ताशांबरोबर आणलेल्या लाह्या नंतर डब्यात पडून राहतात, त्यांचा याहून चांगला उपयोग नाही.

ज्वारीचा दाणा म्हणजे एक छोटा प्रेशर कुकर. आत थोडं पाणी, बाहेर घट्ट कवच. तापल्यावर पाण्याची वाफ होते, दाब वाढतो, आतलं पिष्ट मऊ होतं आणि शेवटी कवच फुटतं. पिष्ट फेसासारखं फुलून तिथल्या तिथे थिजतं. कवचाला तडा गेलेला असेल तर वाफ निसटते आणि दाणा फुलतच नाही, त्याचा नुसता गणंग राहतो. लाहीत आता पाणी जवळजवळ नाही, पण पोकळ्या भरपूर, म्हणून ती हवेतली ओल झपाट्याने ओढते. पट्टीत घालण्याआधी लाह्या कढईत दोन मिनिटं गरम करून घ्याव्यात.

डिंकाचं फुलणं याच जातीचं. सातपुड्याच्या जंगलात, यावल-चोपड्यापासून शिरपूरच्या वरच्या डोंगरापर्यंत, धावड्याची झाडं आहेत. त्यांच्या खोडातून पाझरणारा डिंक सुकवून बाजारात येतो. डिंकाचा खडा काचेसारखा दिसतो, पण त्याच्या आत थोडं पाणी अडकलेलं असतं. तापत्या तुपात खडा मऊ होतो, आतल्या पाण्याची वाफ होते आणि तो तिपटी-चौपटीने फुलतो. खडे वाटाण्याएवढे असावेत आणि एका वेळी चार-पाचच टाकावेत. मोठा खडा बाहेरून फुलतो, आत कडक राहतो आणि तोच मग दाताला चिकटतो. तळण्याआधी डिंकाला तासभर ऊन दाखवलं तर तो एकसारखा फुलतो. तळलेला खडा बोटांत चुरून बघावा. सहज चुरा झाला तर आतपर्यंत पोचला.

बाळंतिणीच्या आणि थंडीच्या लाडवांत डिंक, खोबरं आणि गूळ एकत्र येतात. पाणी नाही, तेल भरपूर, जागा थोडी, उष्मांक जास्त आणि टिकाऊपणा दोन महिन्यांचा. गिर्यारोहक खिशात ठेवतो त्या पट्टीकडून याहून वेगळं काय अपेक्षित असतं? आपल्या घरांनी हा पदार्थ बाळंतिणीसाठी आणि थंडीसाठी केला, एवढाच फरक.

वीस अंशांचा फरक

आता पाक. पाणी 100 अंशांना उकळतं. त्यात गूळ किंवा साखर विरघळली की उकळबिंदू वर सरकतो. पाक जितका दाट, तितका तो वरच्या तापमानाला उकळतो. म्हणजे उकळत्या पाकाचं तापमान कळलं की त्यात पाणी किती आहे तेही कळतं. 112 ते 116 अंशांच्या दरम्यान पाकात साधारण 15 टक्के पाणी असतं. थेंब पाण्यात टाकला की मऊ गोळी होते आणि बोटांत चपटी होते. 121 ते 130 अंशांवर पाणी 8 टक्क्यांच्या आसपास. गोळी घट्ट बनते, दाबली तर दबते पण आकार सोडत नाही. हा गोळीबंद पाक. 146 अंशांच्या पुढे पाणी उरतं जेमतेम 1 टक्का. थेंब पाण्यात पडताच काच होतो आणि वाटीवर आपटला की टण् वाजतो. हा चिक्कीचा पाक.

काच हा शब्द इथे उपमा म्हणून वापरलेला नाही. साखरेचे रेणू इतक्या लवकर थिजतात की त्यांना स्फटिक बनवायला वेळच मिळत नाही आणि ते वेडेवाकडे जागच्या जागी अडकतात. खिडकीची काच अशीच बनते. म्हणून चिक्की चकाकते आणि ठिसूळ तुटते. गूळ याला अनुकूल असतो. त्यात साखरेबरोबर थोडं ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतं आणि ते साखरेच्या रेणूंना नीट रांगेत बसू देत नाहीत. नुसत्या साखरेचा पाक ढवळता ढवळता एकदम रवाळ होतो, गुळाचा सहसा होत नाही. पण हेच फ्रुक्टोज हवेतली ओल खेचून घेतं, म्हणून गुळाची वडी पावसाळ्यात लवकर चिकट होते.

वाकणारी, चावताना थोडी चिवट लागणारी पट्टी हवी असेल तर 125 ते 128 अंशांना थांबायचं. तुटणारी हवी असेल तर 146 ते 148. दोन्हींत अंतर वीस अंशांचं. शेगडीवर ते अवघ्या काही मिनिटांत पार होतं आणि गूळ त्यापुढे फार थांबत नाही. 150 च्या वर तो कडू होऊ लागतो. म्हणून थेंबाची परीक्षा दर अर्ध्या मिनिटाला घ्यायची आणि थेंब तपासताना कढई खाली उतरवून ठेवायची. आत्या हे न चुकता करायची. नाहीतर आपण थेंब बघत बसतो तोवर पाक पुढे निघून जातो.

करून पाहा

साहित्य: शेंगदाणे 200 ग्रॅम, किसलेलं सुकं खोबरं 75 ग्रॅम, पांढरे तीळ 50 ग्रॅम, ज्वारीच्या लाह्या 40 ग्रॅम, डिंक 25 ग्रॅम, तूप 30 ग्रॅम, चिक्कीचा गूळ 280 ग्रॅम, चिमूटभर मीठ, वेलदोड्याची किंवा सुंठेची पूड. यातून सुमारे 700 ग्रॅमचे 24 तुकडे होतात.

1. दाणे निवडून मंद आचेवर 12 ते 15 मिनिटं भाजा, सालं काढा आणि प्रत्येक दाण्याचे दोन-तीन तुकडे होतील इतपतच कुटा. कूट करू नका. बारीक पूड पाक पिते आणि वडी भुसभुशीत होते.

2. खोबऱ्याचा कीस वेगळा, अगदी मंद आचेवर, फिकट गुलाबी होईपर्यंत परता. त्यात तेल असल्यामुळे तो शेवटच्या अर्ध्या मिनिटात एकदम करपतो, म्हणून रंग पालटू लागताच परातीत काढा. तीळ तडतडेपर्यंत भाजा. लाह्या गरम करून हाताने अर्ध्या चुरा.

3. तुपात डिंक थोडा थोडा फुलवून जाडसर चुरा. उरलेलं तूप कढईतच राहू द्या.

4. हे सगळं एकत्र करून कोमट राहील असं झाकून ठेवा. हा मुद्दा चुकवू नका. गार दाणे गरम पाकात पडले की पाक जागीच थिजतो, गोळे होतात आणि थापताना वडीला भेगा पडतात.

5. ताटाला आणि लाटण्याला तूप लावून ठेवा. कढईत बारीक चिरलेला गूळ आणि दोन चमचे पाणी घालून मध्यम आचेवर वितळवा. गुळात कचरा दिसला तर याच वेळी गाळून घ्या. फेस येऊन रंग गडद होऊ लागला की थेंब तपासायला लागा.

6. वाकणारी पट्टी हवी तर घट्ट गोळीला थांबा. तुटणारी हवी तर टण् आवाजाला थांबा आणि आच बंद करून चिमूटभर खायचा सोडा घाला. सोड्यातून सुटणारा वायू पाकात अडकतो आणि वडी दाताखाली हलकी तुटते.

7. मीठ, वेलदोडा आणि कोमट मिश्रण घालून भराभर हलवा, ताटात ओता आणि लाटण्याने दाबून अर्धा इंच जाडीला आणा. वाकणारी पट्टी असेल तर दाब जास्त हवा, कारण तिला पाकापेक्षा घट्ट बसलेले दाणे धरून ठेवतात.

8. गरम असतानाच सुरीने खोल रेघा पाडा. पूर्ण गार झाल्यावर तुकडे सोडवा आणि लगेच डब्यात भरा. रात्रभर ताटात उघडे ठेवू नका.

पाक कच्चा राहिल्याचं गार झाल्यावर लक्षात आलं, तर निराश होण्याचं कारण नाही. मिश्रण कोमट करून त्याचे लाडू वळा. मऊ गोळीचा पाक लाडवाला चालतो. पाक पुढे गेला असेल तर वडी खलबत्त्यात कुटून दुधावर घाला. तोच घरचा ग्रॅनोला.

केळ्याचा प्रश्न

जळगावात ही पट्टी शिकवायला बसलं की कोणीतरी विचारतंच: यात केळं घातलं तर? प्रश्न रास्त आहे. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या तापीकाठच्या तालुक्यांत केळीच्या बागा नजर जाईल तिथवर आहेत. 2016 मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं आणि 2021 मध्ये रावेर तालुक्यातली मानांकित केळी दुबईला गेली.

पण पिकल्या केळ्यात 75 टक्के पाणी असतं. 100 ग्रॅम केळं कुस्करून घातलं तर वाटीभर मेहनतीने घालवलेलं पाणी एका क्षणात परत येतं. अशी पट्टी ओव्हनमध्ये भाजली तरी मऊ राहते आणि दोन-तीन दिवसांत आंबूस होते. फ्रिजमध्ये ठेवून लगेच संपवायची असेल तर जरूर करा, पण डब्यात टिकवायची असेल तर केळ्यालाही खोबऱ्याच्याच वाटेने यावं लागेल, म्हणजे आधी कोरडं व्हावं लागेल. वसईला पिकलेल्या राजेळी केळ्यांची सुकेळी करतात. तशी वाळवलेली केळी बारीक कापून वाकणाऱ्या पट्टीत घातली तर छान चिवट गोडवा येतो. तुटणाऱ्या पट्टीला कच्च्या केळ्याचे बिनमिठाचे वेफर्स जास्त जमतात. तळल्यामुळे त्यातलं पाणी गेलेलं असतं. 50 ग्रॅम वेफर्सचा जाड चुरा लाह्यांऐवजी घाला. जळगावची खूण म्हणून याहून सोपं आणि टिकाऊ दुसरं काही मला सुचलेलं नाही.

कोणत्या महिन्यात कोणती पट्टी

अन्न किती टिकेल हे त्यात एकूण पाणी किती यापेक्षा सूक्ष्मजीवांच्या हाती लागेल असं पाणी किती, यावर ठरतं. शास्त्रज्ञ ते 0 ते 1 अशा मापात मांडतात. शुद्ध पाणी 1. हे माप 0.6 च्या खाली गेलं की कोणताही जिवाणू किंवा बुरशी वाढत नाही. गुळाचा घट्ट पाक आणि भाजलेले दाणे यांची पट्टी या रेषेच्या खाली राहते. म्हणून तिला फ्रिज लागत नाही, उलट फ्रिजमधून काढताना तिच्यावर दव धरतं आणि ती बिघडते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा या पट्टीचा खरा हंगाम. खानदेशची हवा तेव्हा थंड आणि कोरडी असते. दोन्ही प्रकार घट्ट डब्यात महिना-दीड महिना चांगले राहतात. मार्च ते मे हवा कोरडीच असते, त्यामुळे चिक्कीचा पाक छान टिकतो, पण उष्णतेने दाण्याचं तेल लवकर खवट होतं. उन्हाळ्यात थोडी करावी, अंधाऱ्या जागी ठेवावी आणि पंधरा दिवसांत संपवावी.

पावसाळा वेगळा. एका श्रावणात मी कडक पाकाची सुरेख चकाकणारी वडी केली, ताट झाकलं आणि गार व्हायला ठेवून बाहेर गेलो. चार तासांनी परत आलो तर वरचा थर तारेसारखा ओढला जात होता. पाक चुकला नव्हता. हवेतलं पाणी काचेत शिरलं होतं आणि तिचं पुन्हा पाकात रूपांतर झालं होतं. तेव्हापासून जुलै-ऑगस्टमध्ये मी वाकणारी पट्टी करतो, प्रत्येक तुकडा गार होताच बटर पेपरात गुंडाळतो आणि डब्याच्या तळाशी ओल टिपायला कोरड्या भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवतो.

किती खावी

वर दिलेल्या प्रमाणात एका तुकड्यात साधारण 140 ते 145 कॅलरी, जेमतेम 3 ग्रॅम प्रथिनं आणि 12 ग्रॅमच्या आसपास गूळ येतो. गुळात थोडं लोह आणि इतर क्षार असतात, तरी रक्तातली साखर वाढवण्याच्या बाबतीत तो साखरेचाच भाऊ. मधुमेह असलेल्यांनी 'गुळाची आहे' म्हणून मोकळ्या हाताने खाऊ नये. लहान मुलांना अख्खे दाणे ठसका लावून श्वास अडवू शकतात. पाच वर्षांच्या आतल्या मुलांसाठी दाण्याचं बारीक कूट करून मऊ पाकाचे लाडूच करावेत. दाण्याची ॲलर्जी आपल्याकडे कमी ऐकू येते, पण ज्याला असते त्याला ती जिवावर बेतू शकते. शाळेच्या डब्यात वाटण्याआधी विचारून घ्यावं.

पण शेतात सकाळपासून वाकलेल्या माणसाला, एसटीने धुळ्याहून पुण्याला निघालेल्या विद्यार्थ्याला, पहाटे धावायला जाणाऱ्या मुलीला एक तुकडा म्हणजे पुढच्या तासाभराचं बळ आहे. त्याला चमकदार वेष्टन लागत नाही. लागते ती चांगली वाटी, निवडलेला दाणा आणि पाकाकडे लक्ष.

पहिल्यांदा करताना तापमापक जरूर वापरा, पण पाण्याची वाटीही शेजारी ठेवा. 115 अंशांना एक थेंब टाकून बघा, 127 ला एक, 147 ला एक. तिन्ही थेंब बोटांत धरून त्यांतला फरक लक्षात ठेवा. दोन-तीनदा असं केलंत की तापमापक बाजूला पडेल आणि थेंब वाटीवर आपटून तुम्हीच शेजारी उभ्या असलेल्या कोणाला तरी सांगाल, "अजून."